मोटेच्या सोंडेचे दोन वायसर

माणसांच्या बाबतीत आश्रुबा थोडंफार खोटं बोलायचा. कोण बोलत नाही? पण यंत्राच्या बाबतीत तो आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि तेही पोटच्या पोराशी.

झरीत त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. परभणीच्या एका जिनिंगमध्ये त्यानं सोळा वर्षं फिटरकी केली होती. इंजिन नुसतं कानानं ऐकून कुठला नट सैल झालाय ते तो सांगायचा आणि मालकाची भीडभाड न ठेवता सांगायचा. "चालतंय की अजून," असं मालक म्हणाला की हा म्हणायचा, "चालतंय आन् नीट चालतंय, ह्यात फरक हाय, सायेब." आता जिनिंग सोडून तो गावी शेती बघत होता, तरी कुणाची पिठाची गिरणी अडली की पहिलं बोलावणं त्यालाच यायचं.

घर मात्र रिकामं होतं. बायको, तानुबाई, तापानं गेली तेव्हा बापू दोन वर्षांचा होता. पाळीवर जाणाऱ्या एकट्या माणसानं एवढंसं पोर कसं सांभाळावं? त्यानं ते उचललं आणि वालूरला थोरल्या बहिणीच्या ओटीत घातलं. धुरपताबाईला लहानपणीच वैधव्य आलेलं, मूलबाळ नाही. तिनं बापूला असा जीव लावला की पोर दहा वर्षांचं होईपर्यंत बापाला पाहुणाच समजायचं. आश्रुबा महिन्या-दोन महिन्यांनी जिलबी घेऊन जायचा. पोर जिलबी घ्यायचं आणि आत्याच्या पदराआड जाऊन खायचं.

अक्काचे उपकार त्याला कळत नव्हते असं नाही. पण उपकार कळणं वेगळं आणि आपलं पोर आपल्याला बघून धावत येत नाही हे गिळणं वेगळं. त्यानं ते चोवीस वर्षं गिळलं होतं. कुणाला बोलून दाखवावं अशी ती गोष्ट नव्हती.

बापू मोठा झाला, लढाईत गेला, ब्रह्मदेशाच्या रानात फटफटीवरून लष्कराचे खलिते पोचवले आणि हातीपायी धड परत आला. आता तो पुण्याला लष्करी मोटारींच्या कारखान्यात होता. वर्षाकाठी एकदा आठवडाभराची सुट्टी. सुट्टीचा रिवाजही ठरून गेलेला: पहिली रात्र झरीला बापाकडे, सकाळी न्याहारी करून वालूर, आणि उरलेले सगळे दिवस आत्याचे. हा रिवाज कुणी पाडला ते कुणालाच सांगता आलं नसतं. आश्रुबाच्या वाट्याला एक रात्र यायची आणि त्या रात्री पोर प्रवासानं दमून आडवं व्हायचं.

त्या साली संक्रांतीनंतर बापू येणार होता. तो यायच्या चार दिवस आधी वालूरचा भुजंग झरीच्या बाजाराला आला. भुजंग अक्काच्या शेजारचाच. बाजार आटोपून तो आश्रुबाच्या ओट्यावर टेकला.

"मिस्त्री, अक्कांचा निरोप हाय. छातीत कफ भरलाय त्यांच्या, दम लागायलाय. बापू आला की झरीला ठेवून घेऊ नका, तसाच फुडं लावून द्या म्हणल्यात."

'ठेवून घेऊ नका' हे शब्द आश्रुबाला असे झोंबले की पुढचं-मागचं त्याला ऐकूच आलं नाही. आपलंच पोर, आणि आपण ठेवून घ्यायचं नाही? शिवाय अक्काची दुखणी त्याला पाठ होती. बापूची सुट्टी जवळ आली की तिला दरसाल काहीतरी व्हायचंच. मागच्या साली गुडघे धरले होते, त्याच्या आदल्या साली डोळ्यांपुढं अंधारी येत होती. बापू परत गेला की गुडघेही बरे आणि डोळेही बरे.

"सांगतो," एवढंच म्हणून त्यानं भुजंगला वाटेला लावलं.

सोमवारी दिवस कलायच्या सुमाराला फटफटीचा आवाज आला आणि अर्धं झरी वेशीकडं पळालं. लष्करानं निकालात काढलेली ती गाडी बापूनं घेतली होती, स्वतःच्या हातानं रंगवली होती. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायांनी तिची इतकी तपासणी केली म्हणे की बापूला वाटलं, आता टाकीत हात घालून बघतात की काय. पाटलाच्या घोडीनं आवाजाला बुजून दावं तोडलं. म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून लांबूनच बघत होत्या. आश्रुबा मात्र गर्दीत न शिरता आपल्या दारात उभा होता आणि त्याचा ऊर भरून आला होता.

जेवताना बापूनं विचारलं, "आत्या कशी हाय? काई निरोप?"

"बरी हाय. तिला काय होतंय," आश्रुबा म्हणाला आणि भाकरीचा तुकडा जरा मोठाच मोडला.

मंगळवारी सकाळी बापू अंघोळीला गेला तेव्हा आश्रुबा फडकं घेऊन गाडी पुसायला बसला. पुढचं चाक दोन नळ्यांनी धरलेलं होतं. सायकलला असतो तसाच चिमटा, पण ह्याच्या नळ्या एकीत एक सरकणाऱ्या, आणि आत तेल. खड्डा आला की तेल हादरा पिऊन टाकायचं. आश्रुबाला ही करामत फार आवडली. आणि तेव्हाच त्याला दिसलं की दोन्ही नळ्यांवरून तेलाचे ओघळ आलेत आणि खाली मातीत रुपयाएवढा डाग पडलाय. नळीच्या तोंडाशी तेल अडवायला कातड्याचा वायसर असतो, तो झिजला होता.

त्यानं ओघळाला बोट लावलं, वास घेतला, गाडी दोनदा दाबून बघितली. काही नव्हतं. अजून महिनाभर ती अशीच चालली असती. तेल पार संपलं असतं तरी खड्ड्यात हाडं खिळखिळी झाली असती, एवढंच. हे त्याला जितकं स्वच्छ कळलं तितकंच स्वच्छ त्याला आणखी एक कळलं, की न्याहारी झाली की पोर जाणार.

बापू टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला.

"बापू, ह्या गाडीवर तुला मी जाऊ देत न्हाई."

"कामून?"

"चिमट्याचं तेल गळायलंय. वाटंत चिमटा अडकला आन् चाक जाम झालं, तर तोंडावर पडशील. मधी नदीचा उतार हाय."

बापू वाकला, नळीवरून बोट फिरवलं, आणि मग बराच वेळ बापाच्या तोंडाकडं बघत राहिला.

"किती दिवस लागतील?"

"दोन. वायसर कापायचे, एरंडेलात मुरवायचे. घाईचं काम न्हाई ते."

बापूनं टॉवेल खुंटीला अडकवला आणि बाह्या वर सारल्या. "बरं," तो म्हणाला. "खोला."

ते दोन दिवस आश्रुबाच्या जन्मातले सगळ्यांत चांगले दिवस होते, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पुढचं चाक काढलं, मडगार्ड काढलं. नळीच्या तोंडाचं टोपण इतकं घट्ट बसलेलं की पाना लागेना. आश्रुबानं त्याला सुंभाची दोरी गुंडाळली आणि पीळ देऊन सोडवलं. "असं आमाला कुणी शिकवलं न्हाई," बापू म्हणाला, आणि म्हातारा लहान पोरासारखा खूश झाला. काळं तेल परातीत ओतलं. जुने वायसर उपसताना त्यांचे तुकडे तुकडे झाले.

नव्या वायसरांसाठी त्यानं माळ्यावरून जुनी मोट काढली. विहिरीचं पाणी ज्या निमुळत्या तोंडातून थारोळ्यात पडतं त्या सोंडेचं कातडं सगळ्यांत चिवट. रापीनं त्यानं दोन कड्या कापल्या, काचेच्या तुकड्यानं आतली बाजू तासली, नळीवर घालून बघितल्या, पुन्हा तासल्या. मग पितळी वाटीत एरंडेल कोमट करून त्यात बुडवल्या आणि वाटी ओट्यावर उन्हात ठेवली.

त्याला काय हवं ते सांगायच्या आत बापू ते हातात देत होता. पाना, फडकं, पक्कड. आश्रुबानं आयुष्यात किती मदतनीस हाताखाली घेतले असतील, पण असा हात त्याला मिळाला नव्हता. हा हात आपलाच आहे, ह्या विचारानं त्याचे डोळे भरून यायचे आणि तो तेलाच्या वासाला शिव्या द्यायचा.

बुधवारी दोघं शेतावर गेले. ज्वारी हुरड्यात आली होती. आश्रुबानं कणसं भाजली, हातावर चोळली आणि पहिली मूठ पोराला दिली. बापू ब्रह्मदेशातलं सांगत होता: तिथला चिखल, तिथल्या जळवा, पुलावरून गाडीसकट पडलेला त्याचा जोडीदार. बापानं हे कधीच ऐकलं नव्हतं. वालूरला मात्र सगळ्यांना ते पाठ असणार. ऐकता ऐकता अक्काचा निरोप त्याच्या अगदी ओठांवर आला होता. सांगितलं असतं तर पोर तसंच उठलं असतं. उद्या तर जाणारच आहे, त्यानं मनाशी म्हटलं, एका दिवसानं काय होतंय. आणि त्यानं विस्तवावर आणखी चार कणसं टाकली.

गुरुवारी सकाळी भुजंग तट्टावरून आला. तट्टाच्या तोंडाला फेस आला होता. तो खाली न उतरताच बोलू लागला.

"बापू, चल. अक्का लय खालावल्यात. कालपासून पाणी बी घेईनात. बापूच्या हातनंच घेईन म्हणत होत्या. आता तर बोलणं बी बंद झालंय."

पहिला विचार आश्रुबाच्या मनात आला तो बहिणीचा नव्हता, तो भुजंगच्या जिभेचा होता. आता हा निरोपाचं बोलणार. ही लाज पुढं त्याला जन्मभर पुरली. पण भुजंग घाईत होता. त्यानं ओट्यापुढं पसरलेले चिमट्याचे भाग बघितले आणि विचारलं, "फटफटीला काय झालं?"

तट्टू तर परत तेवढंच पळण्याच्या स्थितीत नव्हतं. आठ कोसांची वाट बैलगाडीनं जाता जाता दिवस मावळला असता.

"दादा, बसवा," बापू म्हणाला.

"वायसर अजून मुरले न्हाईत. आज सांजपर्यंत..."

"वायसर राहू द्या. तशीच बसवा."

बसवायला बसले. सोळा वर्षांत आश्रुबाचा कधी आटा चुकला नव्हता. त्या दिवशी टोपण तीनदा वाकडं चढलं. चौथ्यांदा बापूनं ते त्याच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि स्वतः फिरवलं. तेल घालायचा प्रश्नच नव्हता, अडवायला काही नसताना ते राहणार कुठं? चाक चढवेपर्यंत उन्हं पार वर आली. भुजंगला तट्टाला पाणी दाखवून मागून यायला सांगितलं आणि बापानं पोराच्या मागं बैठक मारली.

फटफटी चालली. गाडीवाटेच्या चाकोऱ्यांतून, दगडगोट्यांतून, कुणाच्या तरी हरभऱ्याच्या बांधावरून चालली. चिमटा कोरडा खडखडत होता, प्रत्येक खड्ड्याला लोखंडावर लोखंड आपटत होतं, दात दातांवर वाजत होते, आणि ती चालतच होती. आश्रुबा पोराच्या पाठीला धरून बसला होता. एक कोस झाला, दोन झाले. नदीचा उतार आला. ह्याच उताराचं नाव घेऊन त्यानं पोराला अडवलं होतं. अडक, तो मनात म्हणाला, एकदा तरी अडक, बाई. गाडीवर आपलं पोर बसलंय, हे त्याला पुढच्या क्षणी आठवलं आणि त्यानं डोळे गच्च मिटले. फटफटी उतारावरून धडधडत खाली गेली, पाण्यातून निघाली आणि पलीकडच्या चढाला लागली.

उरलेल्या वाटेत बापूनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

वालूरला अक्काच्या दारात माणसं उभी होती. आवाज ऐकून ती बाजूला झाली, आणि त्यांच्या बाजूला होण्यातच काय ते कळलं. धुरपताबाईला खाली घेतलं होतं. तोंडात तुळशीचं पान होतं. शेजारच्या चतुराबाईनं तिचं दुखणं काढलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"घटकाभर झालं रे लेकरा," ती म्हणाली. "घटकाभर आधी आला असतास."

बापू आत्याच्या उशाशी बसला. कुणीतरी तांब्या पुढं केला. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं आणि तिच्या ओठांवर सोडलं. ते गालावरून ओघळून जमिनीत गेलं. त्यानं पुन्हा सोडलं. तीनदा, चारदा. आश्रुबाला ते बघवेना. ज्या पाण्यासाठी तिनं जीव धरून ठेवला होता ते असं मातीत चाललं होतं.

"लय वाट बघितली," चतुराबाई पदरानं डोळे टिपत बोलत राहिली. "आठ रोज झाले भुजंगाजवळ निरोप धाडून. रोज म्हणायच्या, निरोप पोचला आसंल, आज येतंय माझं लेकरू. मी म्हणायची, आवो कामात आसंल. तर म्हणायच्या, माझा निरोप ऐकून बापू थांबायचा न्हाई."

बापूचा हात ओंजळीसकट तसाच थांबला. त्यानं मान वर केली नाही.

अग्नी बापूनंच दिला. नदीवरून परत आल्यावर माणसं आपापल्या घरी गेली. दिवस मावळायला टेकला होता. फटफटी अंगणात उभी होती. तिच्याखाली आज तेलाचा डाग नव्हता, गळायला काही उरलंच नव्हतं. बापू तिच्याजवळ जमिनीवर बसला होता. आश्रुबा त्याच्या समोर जाऊन बसला. गळ्याशी आलेलं आता आत ठेवणं त्याला शक्य नव्हतं.

"बापू, त्या तेलानं काई होत नव्हतं. चालली असती गाडी. मी खोटं बोललो."

"म्हाईत हाय मला."

आश्रुबानं झटकन मान वर केली.

"ब्रह्मदेशात दोन महिने कोरड्या चिमट्यावर खलिते नेले मी, दादा. बोट लावलं तवाच कळलं मला."

"मग थांबलास कामून?"

बापू नखानं माती उकरत होता. "तुमी मला थांब म्हणून कधी म्हणलाच न्हाईत. इथं आत्याकडं सोडून जाताना बी न्हाई, लढाईला जाताना बी न्हाई. परवा पयल्यांदा म्हणलाव. लय बरं वाटलं मला. म्हणलं, आत्या बरी हाय, तिला दोन दिवसांनी काय फरक पडतोय."

आश्रुबाला हुंदका आवरला नाही. पोरानं त्याचं खोटं ओळखून, आपल्या मनानं, दोन दिवस त्याच्या पदरात टाकले होते. जन्मभर ज्याची वाट बघितली ते त्याच्या हातात आलं होतं, आणि ते त्याला कळलंही नव्हतं.

"एक सांगा," बापू म्हणाला. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मी इचारलं होतं तुमाला जेवताना. निरोप मिळाला होता?"

"व्हय," आश्रुबा म्हणाला.

बापूनं मान हलवली. "त्या खोट्याला मी थांबलो, दादा. ह्याला न्हाई थांबलो." मग तो उठला, आणि घरात जाऊन आत्याच्या रिकाम्या बाजेजवळ बसला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली आणि बापू वालूरहूनच परस्पर पुण्याला निघाला. बापाच्या पाया पडला, ते रीतीप्रमाणं पडला. आश्रुबाला म्हणायचं होतं, झरीवरून जा, वायसर मुरले असतील, अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण 'थांब' हा शब्द त्याच्याजवळ आता उरला नव्हता. कोरड्या चिमट्याचा खडखडाट वेशीबाहेर जाईपर्यंत ऐकू येत होता.

आश्रुबा भुजंगच्या बैलगाडीतून घरी आला तेव्हा वाटी ओट्यावर तशीच होती. त्यानं वायसर बाहेर काढून दोन बोटांत दाबले. मऊ, तरी चिवट. दाबलं की दबत होते आणि सोडलं की उठत होते. इतके नीट वायसर त्यानं आजवर कापले नव्हते. त्यानं ते परत एरंडेलात ठेवले.

पुढच्या साली सुट्टीत बापू आला नाही. पत्र आलं, चार ओळींचं, त्यात खुशाली होती. आश्रुबा महिन्याला वाटीतलं तेल बदलत राहिला, कातडं वाळून भेगाळू नये म्हणून. एकदा व्यंकटराव गिरणीवाला पट्ट्याचं काम घेऊन आला, त्यानं वाटीत डोकावून बघितलं.

"हे कशाचे, मिस्त्री?"

"चिमट्याचे. पोराच्या फटफटीचे."

"मग बसवले कामून न्हाईत?"

आश्रुबा व्यंकटरावाचा पट्टा उलटसुलट करून बघत होता. त्यानं वर न बघताच सांगितलं, "ह्यांच्याबिगर बी चालती ती."